मंत्र्याच्या भाषणावर उपहासात्मक एकांकिका: लिहायची कशी, कुठल्या क्रमाने

मंत्रालयात भाषण कसं तयार होतं या विषयावरच्या एकांकिका दर वर्षी स्पर्धांना येतात आणि त्यातल्या बहुतेक एकाच जागी फसतात. मंत्री अडाणी, पीए लाळघोट्या, सचिव मग्रूर. मंत्री एखादा अवघड शब्द चुकीचा उच्चारतो, प्रेक्षक हसतात, आणि मग शेवटपर्यंत तोच विनोद वेगवेगळ्या शब्दांवर होत राहतो. मला अशा संहितांचा राग येतो, कारण त्यात सत्तेला धक्काही लागत नाही. खेड्यातून आलेल्या माणसाच्या बोलीवर शहरातले प्रेक्षक हसून घेतात, एवढंच होतं.

या विषयातला खरा उपहास वेगळ्या जागी आहे. एक खरं, साधं वाक्य खालून निघतं, एकेका टेबलावर थांबतं, प्रत्येक जण आपल्या परीने शहाणपणाचाच बदल करतो, आणि मंत्र्याच्या हातात पोचेपर्यंत ते खोटं झालेलं असतं. कोणीही खोटं बोललेलं नसतं. हे रंगमंचावर दिसायला हवं, आणि त्यासाठी लिहिण्याचा क्रम पाळावा लागतो. विनोदापासून सुरुवात केलीत तर हे साधत नाही.

टप्पा १: प्रसंग लहान निवडा

मंत्री अनेक प्रकारची भाषणं करतात: भूमिपूजन, लोकार्पण, १ मे किंवा १५ ऑगस्टचं ध्वजवंदन, एखाद्या परिषदेचं उद्घाटन, विधिमंडळातलं निवेदन, अर्थसंकल्प. नवा लेखक हमखास अर्थसंकल्पाकडे धावतो, कारण तो मोठा वाटतो. तिकडे जाऊ नका. अर्थसंकल्पातला आकडा खरा की खोटा हे प्रेक्षकाला खुर्चीत बसून कळत नाही. ते समजावण्यात तुमची दहा मिनिटं जातील.

लोकार्पण किंवा भूमिपूजन घ्या. नळाला पाणी आहे किंवा नाही. पूल उभा आहे किंवा नाही. भाषणातला दावा आणि वस्तुस्थिती यांतलं अंतर एका नजरेत दिसलं पाहिजे, कारण उपहास त्या अंतरातच उभा राहतो.

राज्यपालांच्या अभिभाषणाचा विषय मात्र खरोखर समृद्ध आहे. घटनेच्या कलम १७६ नुसार राज्यपाल सभागृहापुढे अभिभाषण करतात, पण मजकूर मंत्रिमंडळाचा असतो. २९ जानेवारी २०२० ला केरळचे तेव्हाचे राज्यपाल आरिफ मोहम्मद खान यांनी नागरिकत्व कायद्यावरचा १८ वा परिच्छेद वाचण्याआधी सभागृहात सांगितलं की आपल्याला हे मान्य नाही, पण मुख्यमंत्र्यांची इच्छा म्हणून वाचतो. २५ जानेवारी २०२४ ला त्यांनीच त्याच सभागृहात फक्त शेवटचा परिच्छेद वाचला आणि दोन मिनिटांच्या आत भाषण संपवलं. दुसऱ्याचे शब्द तोंडात घेऊन उभा असलेला माणूस हा फार नाट्यमय विषय आहे. पण तो पहिल्या संहितेसाठी नाही, कारण त्यात घटनात्मक बारकावे सांभाळावे लागतात.

सावधान: प्रसंग विधिमंडळाच्या सभागृहात घडवायचा असेल तर विशेषाधिकारभंगाचा (सभागृहाचा अवमान केल्याच्या आरोपाचा) विचार आधी करा. लहान संस्थेला ती कटकट परवडत नाही, आणि सभागृहाबाहेरचा मंडप तुमच्या कामाला पुरेसा आहे.

टप्पा २: कागद गोळा करा

ही पायरी सगळे गाळतात आणि त्यामुळेच संहिता पोकळ होतात. सरकारी भाषा माहीत नसलेला लेखक सरकारी भाषेची नक्कल म्हणून नुसतेच जड शब्द लिहितो, आणि प्रेक्षागृहात बसलेला एखादा निवृत्त कक्ष अधिकारी दुसऱ्याच मिनिटाला ओळखतो की याने नस्ती (सरकारी फाइल) कधी पाहिलेली नाही.

आधी खरी भाषणं वाचा. केंद्राच्या अर्थसंकल्पाची स्वातंत्र्यानंतरची सगळी भाषणं अर्थ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. राज्याची भाषणंही मिळतात. ती विनोद शोधण्यासाठी वाचू नका, क्रियापदं शोधण्यासाठी वाचा. ‘केले’ किती वेळा येतं, ‘करण्यात येत आहे’ किती वेळा आणि ‘करण्याचे प्रस्तावित आहे’ किती वेळा, हे मोजा. तीन क्रियापदांत तीन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, आणि तुमची सगळी एकांकिका या तिघांमधल्या प्रवासावर उभी राहू शकते.

मग कार्यपद्धती समजून घ्या. साधारण असं होतं: मंत्री कार्यालयातून विभागाला निरोप जातो की अमुक कार्यक्रमासाठी मुद्दे पाठवा. विभाग क्षेत्रीय कार्यालयाकडून माहिती मागवतो. आलेल्या माहितीवर सहायक कक्ष अधिकारी टिपणी तयार करतो. ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव अशी वर जात सचिवांपर्यंत पोचते. तिथून ती मंत्री कार्यालयात खाजगी सचिव किंवा विशेष कार्य अधिकाऱ्याकडे येते आणि तिथे मुद्द्यांचं भाषण होतं. म्हणजे विभाग भाषण लिहीतच नाही, विभाग मुद्दे देतो. हा फरक संहितेत आला की जाणकार प्रेक्षक तुमच्या बाजूला येतो.

नस्तीतले शेरे ऐकून, वाचून टिपून ठेवा. ‘अवलोकनार्थ सादर’, ‘मान्यतेस्तव सादर’, ‘कृपया चर्चा करावी’, ‘चर्चेप्रमाणे फेरसादर’. यातल्या ‘कृपया चर्चा करावी’ या शेऱ्यात भरपूर नाट्य दडलेलं आहे. वरिष्ठाला बदल हवा आहे, पण तो कागदावर नको आहे. चर्चा तोंडी होते, बदल खालच्या माणसाच्या अक्षरात होतो, आणि नस्तीवर उरतं फक्त ‘चर्चेप्रमाणे’.

एखाद्या झालेल्या कार्यक्रमासाठी विभागाने दिलेले मुद्दे पाहायचे असतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘असं का केलं’ विचारू नका. ‘अमुक दिनांकाच्या कार्यक्रमासाठी मंत्री कार्यालयास सादर केलेल्या मुद्द्यांची प्रत’ असा अस्तित्वात असलेला कागद मागा. स्पर्धेच्या प्रवेशाची तारीख पाहून अर्ज बराच आधी टाका.

सावधान: नोकरीत असलेल्या ओळखीच्या माणसाकडून नस्तीचा फोटो मागू नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ त्याला लागू आहेत. तुमच्या चाळीस मिनिटांच्या प्रयोगापायी त्याची विभागीय चौकशी लागली तर ते पाप तुमचं. निवृत्त माणसांशी बोला, तेही कार्यपद्धतीपुरतं.

टप्पा ३: प्रत्येक टेबलाला एक भीती द्या

पाच पात्रं पुरतात: सहायक कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, विशेष कार्य अधिकारी आणि मंत्री. सहावं पात्र हवंच असेल तर ते गावाकडचं असू द्या, म्हणजे ज्याच्या अहवालातून पहिलं वाक्य निघालं तो शाखा अभियंता.

प्रत्येकाच्या नावापुढे वहीत एकच ओळ लिहा: या माणसाला कशाची भीती वाटते? सहायक कक्ष अधिकाऱ्याला भीती आहे की चुकीचा आकडा आपल्या सहीने गेला तर आपणच सापडू. अवर सचिवाला लेखापरीक्षणाचा आक्षेप नको आहे. उपसचिव मॅडमना अधिवेशनात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न, नको आहे. विशेष कार्य अधिकाऱ्याला सभेत टाळ्या पडल्या नाहीत तर आपली गच्छंती दिसते. मंत्र्याला समोरच्या गर्दीची भीती आहे, आणि ती भीती या पाचांत सगळ्यात प्रामाणिक आहे, कारण निवडून त्याला यायचं असतं.

इथे कोणी खलनायक नाही. पैसे खाणारा ठेकेदार आणलात की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो: चोर सापडला, बाकीचे निर्दोष. तुम्हाला तो श्वास टाकू द्यायचा नाहीये.

तपासा: प्रत्येक पात्राने केलेला बदल तुम्ही स्वतः त्या खुर्चीत असता तर केला असता का? उत्तर ‘नाही’ आलं तर ते पात्र अजून व्यंगचित्र आहे. परत लिहा.

टप्पा ४: आधी खरं भाषण लिहा

यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. संवाद लिहायच्या आधी ते भाषण पूर्ण, गंभीरपणे आणि चांगलं लिहून काढा. एक पान, चारशे शब्द. एखाद्या मंत्र्याने गावात उभं राहून खरं बोलायचं ठरवलं तर तो काय बोलेल? कामाला किती उशीर झाला, का झाला, पाणी कधी येईल, तोवर टँकरचं काय. विनोद औषधालाही नको.

हे भाषण प्रयोगात कदाचित कधीच ऐकू येणार नाही. तरी ते लागतं, कारण काय हरवलं हे लेखकाला नेमकं माहीत नसेल तर हरवत जाण्याचा प्रवास लिहिता येत नाही. जे लेखक थेट बिघडलेल्या भाषणापासून सुरुवात करतात त्यांच्याकडे विनोद असतात, पण उतार नसतो.

या भाषणातलं एकच वाक्य निवडा. छोटं, तपासता येईल असं, आणि मंत्र्याला थोडंसं गैरसोयीचं. फार गैरसोयीचं नको. कोणीही सहज खोडेल असं वाक्य घेतलंत तर प्रवास पहिल्याच टेबलावर संपतो.

टप्पा ५: वाक्य एकेका टेबलावर बिघडवा

उदाहरण घेऊ. गावात पाण्याची टाकी झाली आहे, पाणी नाही. शाखा अभियंत्याच्या अहवालात वाक्य आहे:

‘टाकी मे महिन्यात बांधून झाली. पाइप जोडलेला नाही.’

सहायक कक्ष अधिकारी ते शासकीय करतो: ‘टाकीचे बांधकाम मे महिन्यात पूर्ण झाले असून जलवाहिनी जोडणीचे काम प्रलंबित आहे.’ अर्थ तोच आहे. तो प्रामाणिक आहे.

अवर सचिव ‘प्रलंबित’वर बोट ठेवतो. कोणाकडे प्रलंबित? किती दिवस? उत्तर द्यावं लागेल. ‘कृपया चर्चा करावी.’ चर्चेप्रमाणे: ‘जलवाहिनी जोडणीचे काम प्रगतिपथावर आहे.’ खोटं नाही, कारण निविदा निघालेली आहे.

उपसचिव मॅडमना ‘मे महिना’ खटकतो. तारीख दिली की कोणीतरी आजपर्यंतचे महिने मोजणार. तारीख जाते: ‘टाकीचे बांधकाम पूर्ण झाले असून उर्वरित कामे प्रगतिपथावर आहेत.’ जलवाहिनी कधी ‘उर्वरित कामे’ झाली ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

मंत्री कार्यालयातला विशेष कार्य अधिकारी कपाळाला हात लावतो. या वाक्यावर टाळी कुठे घेणार? तो लिहितो: ‘माझ्या माताभगिनींच्या डोक्यावरचा हंडा उतरवण्याचं काम या सरकारने पूर्ण केलं आहे!’ त्याच्याही बाजूने पाहा: टाकी पूर्ण झाल्याचं विभागानेच लेखी दिलंय.

आणि मंत्री मंडपात उभा राहून कागद बाजूला ठेवतो, कारण त्याला माणसांशी बोलायला आवडतं: ‘सांगा, उतरला का नाही हंडा?’

समोरच्या रांगेत बायका बसल्या आहेत. सकाळी टँकर येऊन गेला आहे, म्हणून त्या हंडे घेऊनच आल्या आहेत.

इथे पात्रं थांबवा. मंत्र्याला तोंडावर आपटवू नका, बायकांना भाषण देऊ नका. हंडे दिसले की पुरे. वाक्याचा प्रवास प्रेक्षकाने पाचही टेबलांवर पाहिलेला आहे, त्यामुळे तो आता कोणा एकावर हसू शकत नाही.

नेहमीच्या चुका तीन. एकाच टेबलावर दोन बदल केले की प्रेक्षकाचा धागा सुटतो. एका टेबलावर एकच बदल. दुसरं, बदलाचं कारण पात्राच्या तोंडून पूर्ण सांगवलं जातं. ‘साहेब, यामुळे अधिवेशनात प्रश्न येईल’ एवढं बस, पुढचं व्याख्यान नको. तिसरी चूक सगळ्यांत महाग पडते: बदललेलं वाक्य प्रेक्षकाला पुन्हा ऐकवायचंच राहून जातं. प्रत्येक टेबल सोडताना नवं वाक्य एकदा मोठ्याने वाचलं गेलंच पाहिजे. शिपाई नस्ती उचलताना वाचेल, टंकलेखक वाचेल, कोणीही वाचो.

टप्पा ६: नावांच्या यादीचा प्रवेश

हा प्रवेश जवळजवळ स्वतःच लिहिला जातो, म्हणून त्याला आवर घाला. भाषणाच्या सुरुवातीला ‘व्यासपीठावरील मान्यवर’ येतात. खासदार आधी की पालकमंत्री? माजी आमदाराचं नाव घ्यायचं का? घेतलं तर आजी आमदार रागावणार, वगळलं तर माजी आमदाराचा गट उठून जाणार. पाण्याच्या वाक्यावर पाच माणसांनी मिळून दहा मिनिटं दिली, या यादीवर एकटा विशेष कार्य अधिकारी रात्री अकरापर्यंत बसतो.

प्रवेश मध्यावर ठेवा, शेवटी नको. लांबी तीन-चार मिनिटं. यादीत शेवटच्या क्षणी एक नाव वाढू द्या आणि त्या नावाला जागा करण्यासाठी पाण्याच्या परिच्छेदातली एक ओळ उडू द्या. दोन्ही धागे तिथे एकमेकांत अडकतात.

टप्पा ७: वाचनाचा क्षण

कागद चुकीचा हातात येणं हा या विषयातला जुना विनोद आहे आणि लेखक तो अतिशयोक्ती समजून वापरतात. खरी घटना त्याहून बारीक आहे. ११ फेब्रुवारी २०११ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांचं भाषण वाचायला घेतलं. काही मिनिटं ते वाचत होते. ब्राझील आणि पोर्तुगाल हे दोन पोर्तुगीज भाषक देश आज एकत्र असल्याचा आनंदही त्यांनी व्यक्त केला. संयुक्त राष्ट्रांतले भारताचे तेव्हाचे राजदूत हरदीपसिंग पुरी यांनी लक्षात आणून दिल्यावर कागद बदलला.

यात कृष्णांना हसण्यासारखं फारसं नाही. टेबलावर कागदांचा ढीग असतो, ते कोणाचंही होऊ शकतं. पाहायचं ते हे की सुरुवातीचा मजकूर कोणत्याही देशाच्या कोणत्याही मंत्र्याला चालण्यासारखा होता, म्हणून कोणाला शंका आली नाही. चुकीचा कागद वापरायचाच असेल तर असा वापरा: मंत्री दुसऱ्या खात्याचं भाषण वाचतो आणि मंडपात कोणाच्याही लक्षात येत नाही. मंत्र्याच्याही नाही. टाळ्या ठरलेल्या जागी पडतात.

तपासा: हा प्रवेश काढून टाकला तर एकांकिका उभी राहते का? राहिली पाहिजे. वाक्याचा प्रवास हा कणा आहे, चुकीचा कागद फक्त जोड.

टप्पा ८: बोलण्याची भाषा आणि कागदाची भाषा

टिपणीत जे पात्र ‘सदर प्रकरणी कार्यवाही करण्यात येत आहे’ लिहितं, ते डबा उघडताना ‘आज पण गवार?’ म्हणतं. दोन्ही भाषा एकाच माणसाच्या आहेत. संहितेत त्या स्पष्ट वेगळ्या ठेवा. पात्रं एकमेकांशीही टिपणीच्या भाषेत बोलू लागली की कृत्रिमपणा येतो.

संबोधनांत घाई नको. सगळीकडे ‘साहेब’ घालू नका. सहायक कक्ष अधिकारी वरिष्ठाला ‘सर’, ‘मॅडम’ म्हणेल. मंत्री कार्यालयात ‘साहेब’ म्हणजे एकटे मंत्री, आणि ‘साहेबांनी सांगितलंय’ या वाक्यापुढे कोणी प्रश्न विचारत नाही. मंत्री ओळखीच्या कार्यकर्त्याला ‘काय रे’ म्हणेल, पण उपसचिवांशी ‘मॅडम, जरा बघा ना’ असंच बोलेल. मंत्र्याची बोली कोकणी, वऱ्हाडी, माणदेशी, कोणतीही ठेवा, फक्त तिच्यावर हशा घेऊ नका. त्याचं सगळ्यात शहाणं वाक्य त्याच बोलीत येऊ द्या.

टप्पा ९: नावं, कायदा, परवानगी

खातं काल्पनिक ठेवा. मंत्र्याचं आडनाव, मतदारसंघ, लकब, चष्मा, यांतलं काहीही हयात नेत्याशी जुळत नाही ना, ते पाहा. ही भित्रेपणाची सूचना नाही. ओळखू येणारा नेता आणलात की प्रेक्षक त्याच्या पक्षावरून बाजू घेतो आणि तुमचं वाक्य ऐकायचं थांबतो.

बदनामीची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. खऱ्या व्यक्तीवर खोटं कृत्य लादलंत तर ‘आम्ही उपहास केला’ एवढं म्हणून सुटका होईल असं धरू नका. आणि लेखक स्वतः शासकीय सेवेत असेल तर वर सांगितलेले वर्तणूक नियम त्यालाही लागू आहेत. लेखन सुरू करण्याआधी ते नीट वाचून घ्या.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. तालमीत वाढलेले संवाद घालून अंतिम प्रत करा आणि तीच द्या. मंजूर प्रतीत नसलेली ओळ प्रयोगात बोलली गेली तर तक्रार करणाऱ्याच्या हातात आयतं कोलीत मिळतं.

टप्पा १०: वाचन लावा

पहिलं वाचन नाटकवाल्या मित्रांपुढे करू नका, ते विनोद मोजतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या दोन-तीन माणसांना बोलवा आणि ती कुठे हसतात यापेक्षा कुठे गप्प होतात ते टिपा. ‘असं नसतं हो’ म्हणाली तर कार्यपद्धती चुकली आहे, टप्पा २ वर परत जा. ‘आमच्याकडे तर याहून’ म्हणून स्वतःचा किस्सा सांगायला लागली तर संहिता बरोबर चालली आहे, पण तो किस्सा घालू नका. वाक्य एक, प्रवास एक.

दुसरं वाचन टाकी असलेल्या, पाणी नसलेल्या गावातल्या कोणापुढे जमलं तर जरूर करा. तिथे एकच विचारा: शेवटी बायकांनी हंडे आणलेत, ते त्या खरंच घेऊन आल्या असत्या का? की रांगेत ठेवून, कोणाला तरी राखायला बसवून आल्या असत्या? जे उत्तर मिळेल त्याप्रमाणे शेवट बदला.